चांगली बाजू

३ डिसेंबर

चमचा डाव्या दाढांपर्यंत नेला, घास टेकवला, आणि बाबूजींनी माझं मनगट धरलं. डाव्या हाताने. उजवा मांडीवर पडलेला होता. तो आता त्यांच्या कामाचा नाही. अर्धा भात तोंडात राहिला, अर्धा हनुवटीवर आला आणि टाक्यांच्या व्रणाला चिकटला.

"सोडा, बाबूजी."

"हव," ते म्हणाले, आणि सोडलं नाही.

अर्धांगाचा झटका आल्यापासून हा एकच शब्द, आमच्याकडचा 'हो', त्यांच्याजवळ उरला आहे. तहान लागली तरी हव, उशी टोचली तरी हव. गोंदियाच्या दवाखान्यात वाचा शिकवणारे सर आहेत. त्यांनी सांगितलं होतं, याला होकार समजू नका, हा फक्त आवाज आहे.

मनगटावर बोटांचे ठसे उठले. संध्याकाळी वर्गातल्या वह्या तपासताना दिसत होते. भात थाळीतच राहिला.

४ डिसेंबर

आजही तसंच. घास घेतात. चावतात. घास दातांखाली दाबेपर्यंत चेहरा नेहमीचा असतो. तोंड परत उघडायला लागले की डोळे घट्ट मिटतात, मान मागे जाते आणि जीभ सगळं बाहेर लोटते. आधी घेतात, मग नाकारतात. तोंडात गेल्यावर आठवत असावं, कुणाच्या घरचं आहे.

माझ्या नवऱ्याने, उमेंद्रनी, थाळीतला भात खाऊन बघितला. "मीठ बरोबर आहे," म्हणाले. त्यांची प्लांटमध्ये दुसरी पाळी होती. 

हे काय आहे ते मला माहीत आहे. लिहायचं टाळत होते.

आमच्या पोवार समाजात बाप लेकीच्या घरचं खात नाही. पुष्कळांनी हे सोडलं. बाबूजींनी सोडलं नाही. माझ्या लग्नानंतर ते तिरोड्याला माझ्याकडे यायचे ते वाटेतल्या कोहमाऱ्याच्या ढाब्यावर जेवून. पाण्याची बाटली सोबत असायची. चहा मात्र घ्यायचे. चहाला ते अन्न धरत नसत. मी दरवेळी ताट वाढायची. ते ताटाला बोटं लावून कपाळाला लावायचे आणि म्हणायचे, "पोट भरलं, बेटा."

मी कॉलेजात मुलांना मराठी शिकवते. रूढी या शब्दावर तासभर बोलू शकते. ते ताट उचलून आत नेताना मला कधी एक वाक्य सुचलं नाही.

७ डिसेंबर

तिलक आला होता. माझा धाकटा भाऊ. चिचगडच्या पुढे जंगलाला लागून आमचं गाव, तिथे तो आणि रविता शेती बघतात. कापणीच्या दिवसांत बाबूजी तिथेच खळ्यावर पडले. तोंडावर. हनुवटी दगडावर आपटली. तिलकला आधी रक्त दिसलं, झटका मागून कळला. गावाहून गोंदियाचा दवाखाना म्हणजे अर्धा दिवस. तिरोड्याहून तासाच्या आत. म्हणून दवाखान्यातून सुट्टी मिळाली तेव्हा मीच म्हटलं, माझ्याकडे राहू द्या.

तेव्हा तिलक म्हणाला होता, "बाई, बाबूजी तुह्या घरचं पानी नाही पेत. मालूम हाय ना तुले?"

मी म्हटलं होतं, दवाखान्यात नाकातल्या नळीने पीत होते, तेव्हा कुणी विचारलं होतं का कुणाच्या घरचं?

आज तो पोतं घेऊन आला. ओसरीवर टाकलं आणि घाम पुसला.

"आपल्या बांधीतला धान हाय. भरडून आनला. तांदूर त्यायचाच, आता हे तुह्या घरचं नाही झालं."

"शिजवणार मी."

"मंग घरात नोको शिजवू. आंगनात चूल मांड."

आम्ही अंगणात विटांची चूल मांडली. तिलकने गावाहून आणलेलं पातेलं ठेवलं. लाकडंही त्याचीच. मी भात केला, बाबूजींची खुर्ची अंगणात नेली, तिलकने पहिला घास भरवला. डावीकडून, मी सांगितलं तसा. त्यांनी चावला. तोंड उघडताना मान मागे टाकली. भात तिलकच्या शर्टावर आला.

"आंगन पन तुहंच हाय ना," तिलक म्हणाला. तो हसला नाही.

निघताना त्याने बाबूजींना मोठ्याने विचारलं, "घरी याचं का, बाबूजी?"

"हव."

तिलकने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तो होकार नाही. तो म्हणाला, "तू शिकलेली हायस, बाई."

८ डिसेंबर

एक गोष्ट मनातून जात नाही. नळी काढल्यावर सुरुवातीला त्यांनी माझ्या हातची पेज खाल्ली होती. कोमट, मऊ, वाटीभर. रोज. मी वाचा-सरांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले, छान, आता दाणे द्या, चावू द्या, पोळीचे तुकडे द्या. उजवा गाल लुळा आहे, घास तिथे अडकून श्वासात जाईल, म्हणून चांगल्या बाजूने भरवा. लांब दांड्याचा चमचा घ्या, डावीकडे मागे, थेट दाढांवर ठेवा. मी तसंच करते. एकदाही चुकले नाही.

तेव्हापासून हे सुरू झालं.

तेव्हा त्यांना आपण कुठे आहोत हेच कळत नसावं. आता भान येतंय. भान आलं तसा नेम आला.

१२ डिसेंबर

शेजारच्या सुशिलाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काऊन वो मास्तरीनबाई, बुढ्याले उपाशी मारून राहिली का? हाडं मोजून घ्या, आता दिसून राहिले."

मी सांगितलं. नेमाचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"एवढंच ना? मंग माह्या घरी आना. मी काई त्यायची पोरगी नाही."

खुर्ची ढकलत त्यांच्या पडवीत नेली. त्यांनी नातवासाठी रव्याची खीर केली होती. पातळ, कोमट. सुशिलाबाईंनी कपातून ओठांना लावली. बाबूजींनी घोट घेतला. आणखी घेतला. कप संपला. सुशिलाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घ्या. सुटला प्रश्न. आता बुढा माहा."

त्यांना हसू आलं होतं. मीही हसले. खुर्ची परत आणताना चाक पायरीला अडलं तेव्हा मला रडू आलं.

म्हणजे भूक आहे. गिळता येतं. बाहेरचं चालतं.

१३ डिसेंबर

घरी तशीच खीर केली. रवा, दूध, साखर, तेवढीच पातळ. सरांनी गरम देऊ नका सांगितलं आहे, म्हणून पंख्याखाली ठेवून पार गार केली. चमच्याने डावीकडे सोडली. त्यांनी अशी किंकाळी मारली की सुशिलाबाई कुंपणापाशी आल्या.

मी वाटी मोरीत ठेवली. कॉलेजात गेले. एका मुलीने विचारलं, मॅडम, बरं नाही का? मी म्हटलं, धडा उघडा.

१७ डिसेंबर

आज ठरवून केलं. उमेंद्रना मागून डोकं धरायला सांगितलं. हनुवटी मी धरली. चमचा डावीकडे, मागे, आडवा. गिळेपर्यंत काढला नाही. अर्धी वाटी मऊ भात गेला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रडताना त्यांचा आवाज निघत नाही.

उमेंद्र म्हणाले, "पुरे कर, दुर्गा."

"पोटात काही नको का?"

"मी धरणार नाही पुन्हा."

मी बाबूजींच्या समोर वाकले आणि विचारलं, "लेकीच्या हातचं एवढं कडू लागतं का हो?"

"हव."

हा होकार नाही. मी तिलकला सांगितलं होतं. वाटी धुताना तोच ऐकू येत होता.

पण पद्धतशीर केलं तर जातं. उद्यापासून एकटीने करीन. उशी लावली की डोकं हलत नाही.

२० डिसेंबर

आता वाटीचा आवाज झाला की तोंड भिंतीकडे वळतं. चमचा दिसला की डोळे मिटतात. सकाळी मी केस विंचरायला फणी घेऊन गेले तरी त्यांनी ओठ आत ओढले.

माणसातून बोलणं गेलं, चालणं गेलं, मुलांची नावं गेली, आणि नेम तेवढा राहिला. इतका पक्का असतो. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं आहे. बोलून काय सांगणार? दिवसातून तीनदा भरवते. जेवढं जातं तेवढं जातं. बाकी मी पुसून काढते.

२३ डिसेंबर

गोंदिया. तपासणीचा दिवस. तिलकही गावाहून आला होता. वजन बरंच उतरलं आहे. मोठ्या डॉक्टरांनी बाबूजींना विचारलं, "कहीं दर्द है?" हव. "पेट में?" हव. "सिर में?" हव. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

मी त्यांना नेमाबद्दल सांगितलं. ते इकडचेच आहेत, त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाले, मनाची उदासीही असू शकते, झटक्यानंतर येते. गोळी लिहिली. पण असंच चाललं तर हे महिना काढणार नाहीत. पुन्हा नाकातून नळी घालावी लागेल, आणि नळीवर फार दिवस ठेवता येत नाही. शेवटी तोंडानेच खावं लागेल.

तिलक बाहेर येऊन म्हणाला, "नरी घालून मी घरी नेतो. आपल्या घरी राहतील त खातील."

मला राग यायला हवा होता. मी थकले होते. म्हटलं, ने.

नळीच्या आधी नर्सने टॉर्च लावून तोंड बघितलं. म्हणाली, तोंड फार खराब झालंय, डावीकडे गालावर जखम आहे. डॉक्टरांनी वरच्या मजल्यावर दातांच्या विभागात पाठवलं. फक्त साफ करून आणा, म्हणाले.

तिथे डॉ. भूमिका म्हणून एक मुलगी आहे. माझ्या विद्यार्थिनींहून फार मोठी नसेल. गालावरची जखम बघून तिने विचारलं, हे कशाने? मी म्हटलं, चमच्याने असेल. तिने मान हलवली. मग विचारलं, खाताना नेमकं काय करतात? मी सांगितलं. दाबेपर्यंत काही नाही, तोंड उघडताना मान मागे टाकतात.

तिने हातातलं काम थांबवलं.

"उघडताना? पक्कं?"

"पक्कं."

"आणि गार दिलं तर?"

मी खिरीचं सांगितलं.

तिने बाबूजींना काही विचारलं नाही. त्यांचा डावा हात उचलून आपल्या बाहीवर ठेवला. प्लॅस्टिकची एक लहानशी काडी घेतली, टोकाला खाच असलेली. एकेका दाढेच्या एकेका उंचवट्यावर ठेवायची, खालून जबडा वर दाबायची आणि सोडायची. ठेवायची, दाबायची, सोडायची. बाबूजी छताकडे बघत होते. खालच्या डाव्या दाढांत मागून दुसरीवर आली. दाबलं. काही नाही. सोडलं. बाबूजींनी तिची बाही अशी ओढली की फाटायची राहिली.

फोटो काढला. फोटोत काही नव्हतं. मी म्हटलं, म्हणजे दात चांगला आहे? ती म्हणाली, "नाही मॅडम, अशी चीर फोटोत बहुतेक दिसतच नाही. समोरून बघितल्यावर कागदाची घडी दिसते का? तसं."

तिने खोलीतले दिवे बंद केले. एक बारीक दिवा दाढेच्या कडेला लावला आणि मला वाकून बघायला सांगितलं. दाढ आतून उजळली होती, पिवळी, कंदिलाच्या काचेसारखी. उजेड मध्यापर्यंत आला आणि एका रेषेवर थांबला. रेषेच्या पलीकडे अंधार होता.

"ही चीर. चावलं की दोन तुकडे किंचित फाकतात. दाब सुटला की परत जागेवर येतात, तेव्हा आत कळ जाते. भयंकर कळ. बोलता येणारे पेशंटही सांगू शकत नाहीत कुठला दात. पडले होते का हे?"

तिलकने हनुवटीकडे बोट दाखवलं.

"तेव्हाच. खालची दाढ वरच्या दाढेवर आदळली असेल."

मी विचारलं, आधी कळलं असतं तर?

"वरून टोपी बसवली असती. तुकडे बांधलेले राहिले असते, दुखणं थांबलं असतं." तिने टोचणी रेषेत घालून हलकेच फिरवली. दाढेचे दोन्ही भाग वेगवेगळे हलले. "आता चीर मुळापर्यंत गेली आहे. ही ठेवता येणार नाही. त्याच दाढेवर रोज दाब येत राहिला ना."

"चांगल्या बाजूने भरवा, असं सांगितलं होतं."

"बरोबरच सांगितलं होतं त्यांनी," ती म्हणाली.

२४ डिसेंबर

दाढ काढली. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, म्हणून मोठ्या डॉक्टरांना आधी विचारलं. त्यांनी गोळी बंद करू नका म्हटलं. डॉ. भूमिकाने जागा बधिर केली, दाढ दोन तुकड्यांत काढली, टाके घातले, कापूस दाबून धरला. रक्त थांबायला वेळ लागला. तुकडे ट्रेमध्ये होते. आत एक तपकिरी रेघ, चहाच्या कपाला पडते तशी. मी ते मागितले नाहीत.

जखम भरेपर्यंत नाकातून नळी. नंतर तोंडाने सुरू करायचं.

मी तिलकला म्हटलं, "आता नेऊ नको. दात होता. नेम नव्हता."

"मी कोठी म्हनतो नेम होता म्हनून? तूच म्हने," तिलक म्हणाला. मग म्हणाला, "बरं झालं, बाई. राहू दे मंग तुह्याच जवर. धानाची गडबड हाय, मी रविताले पाठवतो हातभार लावाले."

घरी येताना गाडीत मी बाबूजींचा डावा हात धरला होता. त्यांनी तो काढून घेतला आणि खिडकीच्या काचेवर ठेवला. बधिरपणा उतरत असेल.

२७ डिसेंबर

रविता आली आहे. नळीतून दूध, डाळीचं पाणी ती देते. मला पूर्वपरीक्षेचे पेपर काढायचे आहेत. ती दिवसभर बाबूजींशी बोलत असते. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या बांधीत रानडुकरं शिरली. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर पडू देत नाही, पण तोंड बंद नसतं. आज म्हणाली, "बाबूजी, तुमाले बरं हाय. बसल्या जागी नाकातून जेवन. आमाले भांडे घासा लागते."

"हव," ते म्हणाले. त्यांच्या डाव्या ओठाची कड वर गेली. रविता म्हणते, हसले.

मी बघितलं तेव्हा नव्हते हसत.

मी विचार करते आहे. दात दुखत होता म्हणून ते खात नव्हते. म्हणजे माझ्या घरचं नको, असं त्यांच्या मनात नव्हतं. म्हणजे त्यांनी सोडलं होतं. कधी सोडलं, मला सांगितलं नाही. सांगता आलं नाही. मी एकाच गोष्टीची इतकी वर्षं वाट बघत होते आणि ती घडून गेली तेव्हा मी वाटी घेऊन समोर उभी होते.

बरेच दिवसांनी झोप लागली.

४ जानेवारी

गोंदिया. डॉ. भूमिकाने टाक्यांची जागा बघितली. चांगली भरली आहे. तीच काडी घेतली, सगळ्या दाढांवर ठेवून दाबली, सोडली. बाबूजींचा हात तिच्या बाहीवर नुसता पडून होता. तिने ड्रॉवरमधून बिस्किटाचा पुडा काढला, एक तुकडा मोडला आणि बोटांनी त्यांच्या ओठांत ठेवला. ते चावले. तोंड उघडलं. आणखी एक ठेवला. तोही चावला.

"बघा. दुखत नाही आता. सावकाश खातील सगळं," ती म्हणाली. "थोडे दिवस धीर धरा, मॅडम. सवय मोडलेली असते."

खाली नळी काढली.

वाचा-सर भेटले. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं: मऊपासून सुरू करा, चांगली बाजू, लांब चमचा.

उद्या सकाळी पेज करीन. बाबूजींच्या तांदळाची, पण आत, माझ्या गॅसवर, माझ्या पातेल्यात. माझ्या घरचं म्हणून. कोमट ठेवीन. उमेंद्रना सांगितलं, उद्या सकाळी घरी थांबा, तुम्ही बघायला हवं. ते म्हणाले, बघण्यासारखं काय आहे त्यात, खातील. मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं.

५ जानेवारी

सकाळी पेज केली. मीठ, किंचित तूप. मनगटावर थेंब टाकून बघितली. कोमट होती. बाबूजींना उशी लावून बसवलं, गळ्याला पंचा बांधला. समोर स्टूल घेतलं. उमेंद्र दारात उभे होते, रविता पलंगाच्या पायथ्याशी.

मी म्हटलं, "बाबूजी, पेज आणली. तुमच्या लेकीने केली."

चमचा भरला. त्यांनी चमच्याकडे पाहिलं. डोळे मिटले. ओठ आत ओढले.

मी वाट बघितली. ओठांना चमचा लावला. त्यांनी तोंड भिंतीकडे नेलं. डाव्या हाताने पलंगाची पट्टी धरली होती, बोटं पांढरी पडली होती. मी म्हटलं, आता दुखत नाही, बाबूजी. डॉक्टरांनी दाखवलं ना काल. दात नाही आता. हनुवटी धरून हलकेच सरळ केली. ते थरथरायला लागले.

"बाईजी," रविता म्हणाली, "चमचा राहू द्या. मी हातानं चारतो."

तिने माझ्या हातातून वाटी घेतली. चमचा स्टुलावर ठेवला. पलंगावर त्यांच्या कडेला बसली, समोर नाही. बोटांनी थोडी पेज घेतली, आधी स्वतःच्या तोंडात घातली. "गोड झाली हो," म्हणाली. मग पुन्हा बोटं बुडवली आणि त्यांच्या ओठांजवळ नेऊन नुसती धरली. म्हशीचं काहीतरी सांगत होती. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. रविताकडे पाहिलं. तोंड उघडलं.

वाटी संपली. रविताने पंच्याने त्यांचं तोंड पुसलं.

सुनेच्या हातचं चालतं.

म्हणजे दातही होता आणि नेमही होता. डॉक्टरला दात दिसला, तिचं काम तेवढंच. बाकीचं मी आधीपासून ओळखत होते. मधले काही दिवस मी स्वतःला फसवलं.

उमेंद्र मागून स्वयंपाकघरात आले. म्हणाले, "दुर्गा, ते घाबरले आहेत. तू पाहिलंस ना, कसे थरथरत होते."

मी म्हटलं, नेम मोडायला लावला की माणूस थरथरतोच.

त्यांनी पुढे काहीतरी म्हटलं. मी नळ सोडला होता.

दुपारी रविताने पोळीचा तुकडा वरणात भिजवून दिला. खाल्ला. संध्याकाळी भात. मी खोलीत गेले नाही. अंधार पडताना तिलकला फोन केला, गाडी घेऊन ये म्हटलं. तो म्हणाला, "काऊन? खाऊन राहिले म्हनते ना रविता." मी म्हटलं, तिच्या हातचं खाऊन राहिले.  तो म्हणाला, "येतो."

६ जानेवारी

सकाळी तिलक आला. त्याने आणि उमेंद्रनी बाबूजींना उचलून मागच्या सीटवर निजवलं. रविता त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गोळ्यांची पिशवी मी पुढे ठेवली. मला पहिला तास बारावीचा होता. गाडी कोपऱ्यावरून वळण्याआधी मी निघाले.